रे आणि सा यांच्यामध्ये

प्रणालीने तान घेतली, वर गेली, खाली आली आणि सा वर टेकायच्या आधी रे वर किंचित थांबली. श्वास संपला म्हणून थांबली असं नव्हतं. फुंक चालू होती, सूर चालू होता, फक्त बोट पडायला उशीर झाला. कुंदाने हात वर केला. मोबाइलवरचा तंबोरा तसाच वाजत राहिला. "पुन्हा घे," ती म्हणाली. प्रणालीने पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच, तेवढंच. कुंदा अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होती आणि प्रयोगशाळेत उभं राहून राहून तिला एवढं कळलं होतं, की माणसाची चूक दर वेळी थोडी वेगळी असते. तीच, तेवढीच, त्याच जागी आली तर ती चूक नसते. ती कुणीतरी शिकवलेली असते.

"तिथे का थांबतेस?"

प्रणालीने बासरी ओठांवरून खाली घेतली. अंजनगाव सुर्जीची मुलगी, घरचा पानमळा, इथे होस्टेलवर राहून एम.एस्सी. करत होती आणि आठवड्यातून चारदा सकाळी बासरी शिकायला कुंदाच्या फ्लॅटवर येत होती. "तुमी थांबता नं ताई तिथं. म्या तसंच उचललं."

"मी म आणि प च्या मध्ये थांबते. भाऊंचा विसावा तिथे आहे."

"तो त हायेच. तो एक आन् हा एक." प्रणाली हसली. "मले वाटलं हा तुमचा सोताचा हाय. होस्टेलवर पोरींले सांगतलं बी मी, आमच्या ताईनं नवी जागा काढली मनून. त्या म्हने, पार्टी माग."

कुंदाही हसली. आज एवढंच, रविवारी अकोल्याला माझ्या मागे बसशील तेव्हा फक्त सूर धरून ठेव, तानेत शिरू नकोस, असं तिने सांगितलं. प्रणालीने बासरी शिवलेल्या पिशवीत घातली, चपला घातल्या आणि जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला नेहमीप्रमाणे नावाने हाक मारली. दार लावून कुंदा परत येऊन बसली. तिने बासरी उचलली नाही. डावा हात मांडीवर उपडा ठेवून ती अनामिकेकडे पाहत राहिली. बोट बोटासारखं होतं. थोडं कोरडं, नखाच्या कडेला शाईचा डाग. तिने ते उचललं, टेकवलं. उचललं, टेकवलं. तंबोरा बंद करायचा राहिला होता.

रविवारी अकोल्यात भाऊंच्या स्मृतीची बैठक होती. भाऊ म्हणजे खुशालराव, पातूरकडचे शेतकरी, ज्यांनी काळ्या रानात राहून बासरी साधली होती आणि मग अकोल्यात डाबकी रोडला घर बांधून आयुष्यभर शिकवली होती. ते गेल्यापासून दर वर्षी कुणी ना कुणी शिष्य त्यांचा शुद्ध सारंग वाजवत असे आणि या वर्षी पाळी कुंदाची होती. शुद्ध सारंग दुपारी उन्हं चढतानाचा राग, म्हणून बैठकही त्याच वेळेला. त्यात भाऊंची एक द्रुत तान होती. सगळे शिष्य तिला नुसतं 'ती तान' म्हणत. बासरीवर तीव्र म म्हणजे सगळी भोकं उघडी आणि प म्हणजे सहाच्या सहा बंद. मधे काही नाही. सहा बोटांनी एकाच क्षणी खाली यायचं आणि त्याच क्षणी फुंकही बदलायची. एक बोट जरी मागे राहिलं तरी प च्या आधी एक चिरका, नको असलेला सूर निसटतो. भाऊ त्या तानेत ही उडी तीनदा घेत. आणि तिसऱ्या उडीच्या आधी, म वर, केसभर थांबत. मग सहाही बोटं एकदम खाली येत आणि प असा उभा राही की ऐकणाऱ्याच्या पाठीतून काहीतरी जाई. मोरोपंत वकिलांनी, जे भाऊंचे सगळ्यांत जुने शिष्य होते आणि ही बैठक भरवत होते, स्मरणिकेत लेख लिहून त्या थांबण्याला नाव दिलं होतं: भाऊंचा विसावा. तेव्हापासून ज्याला विसावा येत नाही तो भाऊंचा नव्हे असं ठरून गेलं. कुंदाला तो साधायला वर्षं गेली होती. तयारीत आलेल्या सहा बोटांना हवेत धरून ठेवायचं, तेही उजव्या हाताचं शेवटचं बोट कणभर वर ठेवून आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवून, हे वेगाने जाण्यापेक्षा अवघड होतं. तिने बोटाला उशीर करायला शिकवलं होतं. रोज, पहाटे, बोट शिकेपर्यंत.

त्या मानाने रे वरून सा वर येणं म्हणजे काहीच नाही. दोन बोटं आधीच खाली असतात. तिसरं, डाव्या हाताची अनामिका, टेकवायचं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी येतं. तिथे थांबायचं कुणालाही काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने तान अगदी सावकाश घेतली. अनामिका वेळेवर पडली. लय थोडी वाढवली, पडली. आणखी वाढवली. कॉलनीत पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या तोवर ती मूळ लयीच्या जवळ आली होती आणि बोट अजून वेळेवर पडत होतं, आणि तिच्या मनात हलकं असं काहीतरी आलं, की प्रणालीच्या कानाचा दोष असेल. मग तिने डोळे मिटून पूर्ण लयीत घेतली आणि तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. तान साफ गेली होती. तिने मोबाइलवर ती टिपून घेतली होती ती ऐकली, आणि रे वर बोट रेंगाळलेलं होतं. तिला ते आतून कळलंच नव्हतं, हे त्यातलं वाईट होतं. आतून तान सरळ होती. बोट तिला खोटं सांगत होतं, किंवा ते सांगत होतं ते ऐकायला जे काही आत असतं तेही बोटाबरोबर मागे पडलं होतं आणि दोघं मिळून वेळेवर आहेत असं समजत होते, जशी दोन घड्याळं सारखीच मागे असली तर घरात कुणाला उशीर होत नाही. तिने पुन्हा घेतली. पुन्हा. जास्त रियाझाने हात दुखतो तसं काही दुखत नव्हतं. मुंग्या नव्हत्या. सवय असेल, ती स्वतःला म्हणाली. इतकी वर्षं एका बोटाला उशीर करायला लावला, ते पाहून दुसरं शिकलं असेल. बासरीवर दोन्ही हातांची बोटं शेजारी शेजारी राहतात. हे म्हणताना तिला बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची भीती वाटली.

सवय असेल तर ती मोडता येईल. सवय नसेल तर नाही. मधे तिसरं काही नव्हतं, आणि हे ठरवायला तिच्याकडे रविवारपर्यंतचा वेळ होता. डॉक्टरकडे जाता आलं असतं. राजापेठेत एक चांगला मज्जातंतूंचा डॉक्टर होता, वर्गातल्या एका मुलाचा बाप. तिने त्याचा नंबर काढून पाहिला आणि मोबाइल उलटा ठेवून दिला. रविवारी मी तान सरळ वाजवीन, तिने ठरवलं. विसावाही घेणार नाही. भाऊंचा नाही आणि हा दुसराही नाही. दोन्ही बोटांना एकदमच सांगायचं, आता पुरे. ऐकलं तर ती सवय होती.

त्या दिवशी प्रयोगशाळेत अकरावीच्या मुलांना अनुमापन, म्हणजे टायट्रेशन, दाखवायचं होतं. उजव्या हाताने शंकुपात्र गोल फिरवायचं, डाव्या हाताने ब्युरेटची तोटी धरायची आणि एकेक थेंब सोडायचा, गुलाबी रंगाची पहिली पुसट छटा टिकली की तोटी बंद. हे तिने इतक्या वेळा केलं होतं की करताना ती मुलांकडे पाहून बोलत असे. "शेवटचा थेंब अर्धाच हवा असतो," ती सांगत होती, "पूर्ण थेंब म्हणजे उशीर." आणि पात्रातलं पाणी गडद गुलाबी झालं. "मॅडम, ओव्हर गेलं," पुढचा एकजण म्हणाला आणि मागे कुणीतरी हसलं. "गेलं," ती म्हणाली. "असं करायचं नाही, हे दाखवलं." मुलं पुन्हा हसली. तिने डावा हात एप्रनच्या खिशात घातला. हे कुणाचंही होतं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या शिक्षकांचंही झालं होतं. पाणी बेसिनमध्ये ओतताना तो गुलाबी रंग पांढऱ्या चिनीमातीवरून जाताना तिने पाहिला आणि तिला भाऊ आठवले. फार पूर्वी, पिपेट तोंडाने ओढायचे दिवस होते तेव्हा, भाऊंनी तिला विचारलं होतं, कॉलेजात तू करते तरी काय. तिने सांगितलं, काचेची नळी तोंडात धरायची, द्रव वर ओढायचा, वरचं तोंड बोटाने बंद करायचं, मग बोट जरासं उचलून थेंब सोडायचा. भाऊ खूप हसले होते. "म्हंजे तुई काचीची बासरी. फरक इतलाच का हिच्यात जहर हाय. जपजो व माय, सूर चुकला त जाशीन."

शनिवारी दुपारी ती आणि प्रणाली एस.टी.ने निघाल्या. ऊन आत्ताच चटका देऊ लागलं होतं. प्रणाली खिडकीशी बसून पुढच्या सीटच्या दांड्यावर बोटं नाचवत होती आणि कुंदा न पाहण्याचा प्रयत्न करत होती. उजव्या हाताचं शेवटचं बोट मागे राहत होतं, जसं राहायला हवं. डाव्या हाताची अनामिका मागे राहत होती, जशी राहायला नको होती. बावीस वर्षांच्या निरोगी हाताने, खेड्यात पानं खुडलेल्या चपळ हाताने, उशीर इतका नेटका उचलला होता की त्यात काही आजारी दिसत नव्हतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली. कुणीतरी संत्र्यांची पिशवी वर चढवली. कुंदाच्या मनात एकदम, काही कारण नसताना, भाऊंची बैठकीची खोली आली, भिंतीला टेकून ते बसलेले, समोर ती, तेव्हा तिशीच्या आतबाहेरची. ती तान त्यांना ऐकवत होती. विसावा तिला नुकताच साधला होता आणि तो आज दाखवायचा म्हणून ती अमरावतीहून आली होती. तिसऱ्या उडीपाशी ती थांबली, सहाही बोटं टाकली, प उभा राहिला. भाऊंनी हात वर केला होता. "काहून थांबली तिथं?" तिने अभिमानाने सांगितलं होतं, "तुम्ही थांबता ना भाऊ, तसंच घेतलं." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं होतं, मांडीवर उपडा ठेवून. मग म्हणाले होते, "बरं. वाजव." इतकी वर्षं ही आठवण तिच्याजवळ पावतीसारखी होती. भाऊंनी बरं म्हटलं. मोरोपंतांनाही ती हे अनेकदा सांगत असे. गाडी सुटली, बोरगाव मंजूकडे उघडी, कापूस निघून गेलेली रानं दोन्ही बाजूंनी मागे जाऊ लागली आणि आता त्याच आठवणीत तिला भाऊंचा चेहरा दिसला, जो तेव्हा तिने पाहिला नव्हता, कारण तेव्हा ती त्यांच्या तोंडून येणाऱ्या शब्दाकडे पाहत होती. तोच चेहरा चार दिवसांपूर्वी तिचा झाला होता.

डाबकी रोडच्या घरी भाऊंच्या पत्नी सुभद्राबाई ओसरीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. शिष्य त्यांना काकू म्हणत. "या माय," त्या म्हणाल्या. "ऊन लागलं नाई नं? हे कोन, तुई पोरगी?"

"शिष्या आहे काकू. प्रणाली."

"लगन झालं का व?" त्यांनी प्रणालीला विचारलं. "नाई? मंग बासरी वाजवून घे. मंग कोनी वाजवू देत नाई. आमच्या घरी मले कोनी तोंडात पिपानी बी धरू देल्ली नाई." प्रणाली खळखळून हसली आणि आत पाणी प्यायला गेली. सुभद्राबाईंनी चहा केला, कपबशीत आणून कुंदापुढे खाली ठेवला आणि पुन्हा सुपाशी बसल्या.

कुंदाने विचारलं, "काकू, भाऊंचा विसावा कधीपासून सुरू झाला, आठवतं?"

"कायचा विसावा?"

"शुद्ध सारंगात. प च्या आधी थांबायचे ना भाऊ. मोरोपंतांनी ज्याच्यावर लिहिलंय."

सुभद्राबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मले सूर काय समजते? मी त्यायचे हात पाहत होती. सदऱ्याचं बटन लागत नोतं त्यायले सकायी. मी लावून देत होती, मंग ते भाईर येत. तुमी समदे बसलेले राहा. बोट पडत नोतं लवकर. थे वाट पाहत त्याची, सोताच्याच बोटाची. आलं का मंग वाजवत." त्यांनी सूप हलवलं. "डॉक्टरनं मंग सांगतलं, कंपवात हाय. मले म्हने, कोनाले सांगजो नोको. कप बशीत वाजे त्यायचा, चहा पेतानी. आयकू जाईन तुमाले, मनून मी गिलासात देऊ लागली. अर्धाच. भरला का सांडे."

तो गिलास सगळ्यांना माहीत होता. स्टीलचा, लग्नातला, ज्याच्या पोटावर खुशाल असं नाव कोरलेलं होतं. भाऊंचा साधेपणा म्हणून मोरोपंत त्याच्याविषयी बोलत, आणि स्वतःही तेव्हापासून चहा स्टीलच्या गिलासातच पीत, कुठेही गेले तरी मागून घेऊन.

"मोरोपंतांना माहीत नाही हे?"

"म्या सांगतलं होतं एकडाव, थे गेल्यावर. का बाप्पा, विसावा कायचा, विसावा त तिरडीले देतेत मसनात जातानी. तो म्हने, काकू, तुमाले नाई समजनार थे." सुभद्राबाई हसल्या. त्यांचे पुढचे दात गेलेले होते. "यायलेबी म्हटलं होतं मी. सांगून टाका पोराईले, नाई त शिकतीन. त हे हासले. म्हने, पोरं माहा आजार वाजवून राह्यले, वाजवू दे. मायाहून बरा वाजवतेत."

आत प्रणालीने बासरी काढून फुंकून पाहिली. एक लांब सा आला, सरळ, कुठे न डुलणारा. समोर कपबशी होती. चहावर साय धरायला लागली होती. बशी डाव्या हाताने उचलायची, कप उजव्या हाताने. कुंदाला तहान लागली होती. तिने हात पदराखाली ठेवले आणि सुभद्राबाईंच्या शेताबद्दल, ते आता कोण करतं याबद्दल विचारत राहिली. मक्ता, सोयाबीन, पातूरला नवी झालेली सून. थोड्या वेळाने सुभद्राबाईंनी थंड झालेली कपबशी उचलली, काही न विचारता आत नेली आणि चहा मोरीत ओतला. ओतल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

रविवारी सभागृह भरलं होतं. बाहेर अकोल्याचं ऊन पांढरं झालं होतं आणि खिडक्यांना लावलेले पडदे आतून उजळत होते. मोरोपंत खादीच्या जाकिटात दारात उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. "कुंदाताई, आज विसावा जरा मोठा घ्या," ते म्हणाले. "बाळापूरची मंडळी आलीय, नवीन आहेत, कळला पाहिजे." ती मंचावर बसली. मागे डाव्या अंगाला प्रणाली, दुसरी बासरी घेऊन. पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर सुभद्राबाई, पदर डोक्यावरून, हात मांडीवर. कुंदाने आलाप सुरू केला आणि बराच वेळ तिला बोटांची आठवण राहिली नाही. शुद्ध सारंगाला एक कोरडेपणा असतो, दुपारच्या रस्त्यासारखा. तीव्र म वरून साध्या म कडे उतरताना तिला वाटलं की आपण घाबरलो ते उगाच, हात ऐकतो आहे, हात तिच्याआधी जाणतो आहे. विलंबित झालं, मध्यलय झाली. तबलजीने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, द्रुत सुरू झालं. आता कुठूनही ती तान येऊ शकत होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या दोन रांगांतले शिष्य थोडे पुढे सरकून बसले. तिला ते सरकणं दिसलं. त्यांची बोटं मांड्यांवर होती आणि प्रत्येकाचं उजव्या हाताचं शेवटचं बोट आत्ताच, तान यायच्या आधीच, थोडं वर उचललेलं होतं.

तिने तान घेतली. पहिली उडी, दुसरी उडी. तिसऱ्या उडीला ती म वर थांबली नाही. सहाही बोटं खाली गेली आणि प वेळेवर आला, मागचे दोन आले होते तसाच, तिसरा. सभागृहातून काहीच आलं नाही. जिथे वाहवा यायची होती तिथे एक खड्डा पडला. मोरोपंतांची मान अर्धी वर उठून राहिली. ऐकलं, तिच्या आत कुणीतरी म्हणालं, बोटाने ऐकलं, सवय होती, आणि ती आनंदाने वर गेली, तार सा ला स्पर्श करून खाली यायला लागली, नि, ध, प, म, प, म, रे, आता फक्त ते एक बोट, आणि तान सरळ सा वर येऊन टेकली. तिला ती सरळ वाटली. पूर्ण सरळ. समेवर तबला पडला. पण तबला आणि सा यांच्यामध्ये तिला एक फट ऐकू आली, केसाएवढी, आणि त्याच क्षणी मोरोपंतांचा आवाज आला, मोठ्याने, भरून आलेला: "क्या बात है! वा कुंदाताई! नवी जागा!" आणि मग सगळं सभागृह वा म्हणालं. मागे प्रणालीने, तानेत शिरू नकोस असं सांगितलेलं असूनही, त्या आनंदात तान उचलली आणि खाली आणली आणि रे वर तेवढीच, नेमकी तेवढीच, थांबली. पुन्हा वाहवा आली. कुंदाने समोर पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. सुभद्राबाई वाजवत नव्हत्या. त्या तिच्या डाव्या हाताकडे पाहत होत्या.

बैठक संपल्यावर जवळची मंडळी रिवाजाप्रमाणे डाबकी रोडच्या घरी चहाला आली. बैठकीच्या खोलीत भाऊंच्या फोटोखाली सतरंजी होती. मोरोपंत भिंतीला टेकून बसले आणि बोलत होते. "म्हणजे पाहा, गुरूचा विसावा मोडला. धाडस लागतं. मोडला आणि स्वतःचा दिला. कुठे? रे वर! सा च्या दारात! कुणाला सुचलं असतं? पुढच्या स्मरणिकेत मी लिहिणार आहे." एक जण मांडीवर बोटं ठेवून ते करून पाहत होता. "अनामिका नं?" त्याने कुंदाला विचारलं. "किती थांबवायची?" कुंदा म्हणाली, "ती जागा नाहीये. चुकलं ते." मोरोपंत हसले. "अस्संच. भाऊ पण असंच म्हणायचे. मोठा माणूस आपल्या जागेला जागा म्हणत नाही."

सुभद्राबाई ट्रे घेऊन आल्या. "काकू, मला गिलासात हं," मोरोपंत म्हणाले. "ठाऊक हाय बाप्पा," असं म्हणून त्यांनी त्यांच्यापुढे काठोकाठ भरलेला एक गिलास ठेवला. बाकीच्यांना कपबश्या. प्रणालीला कपबशी. कुंदापाशी आल्या तेव्हा ट्रेवर काही उरलेलं नव्हतं. "थांब," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. फळीवरून काहीतरी काढल्याचा, धुतल्याचा, पदराने पुसल्याचा आवाज आला. कुंदा ऐकत बसली. तिला उठून जाता आलं असतं. बसची वेळ झाली असं म्हणता आलं असतं. सुभद्राबाई परत आल्या, तिच्यासमोर खाली बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांत गिलास ठेवला. अर्धा. मग एकेक करून तिची बोटं त्यांनी गिलासाभोवती मिटवली, सगळ्यांत शेवटी डाव्या हाताची अनामिका, आणि ती क्षणभर आपल्या बोटाखाली दाबून धरली. त्या बोटाच्या टोकाखाली कोरलेलं अक्षर लागत होतं. "दोन्ही हातानं पेजो," त्या हळूच म्हणाल्या. "जपून."

खोलीत मोरोपंतांचं बोलणं थांबलं. त्यांनी गिलास ओळखला होता. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आदर आला, भाऊंचा गिलास भाऊंच्या वारसाला मिळाला म्हणून, आणि ते हात जोडणार होते. मग त्यांची नजर सुभद्राबाईंच्या तोंडाकडे गेली, आणि हात तिथेच राहिले.

प्रणालीला यातलं काही कळलं नाही. ती आज खूश होती, तिलाही वाहवा मिळाली होती. तिने आपली कपबशी पुढे सरकवली. "आजी," ती म्हणाली, "मलेबी गिलासातच द्या नं. ताईसारखा."

"नाही," कुंदा म्हणाली. तिचा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू कपातच पी. आत्ता. माझ्यासमोर."

प्रणाली गोंधळली. तिने डाव्या हाताने बशी उचलली, उजव्या हाताने कप, एक घोट घेतला आणि कप परत बशीत ठेवला. आवाज एकदाच झाला. कुंदा श्वास धरून दुसऱ्या आवाजाची वाट पाहत राहिली.